मुद्दा क्रमांक अकरा

‘भागधारक’ म्हणून मला बोलावणं आलं तेव्हा मी पाकीट आधी उलटंसुलटं करून बघितलं. माझा कशात काही भाग आहे हे पन्नास-पंचावन्न वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आत छापील पत्र होतं. पुढच्या दहा वर्षांचं शेतीचं धोरण ठरवायचंय, सगळ्या संबंधितांना एका टेबलाभोवती बसवून ठरवायचंय, तरी आपण मधपाळांच्या वतीने अवश्य यावं, चहा-नाश्त्याची सोय केली आहे. खाली अधिकारी बाईंची सही. ह्याच बाईंच्या कपाटात माझी तक्रार दोन वर्षं पडून होती, त्यामुळे सही मला चांगलीच ओळखीची होती.

मी गेले. का गेले ते आधीच सांगते, नाहीतर म्हणाल की ही बाई भांडायलाच गेली होती. माझ्याकडे एकशे चाळीस मधपेट्या होत्या. आता अडतीस आहेत. बाकीच्या एकशे दोन पेट्यांतल्या माश्या एका दुपारी फवारणीत मेल्या. पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा ढीग फावड्याने ओढावा लागतो तेव्हा काय वाटतं ते मी कुणाला सांगत बसत नाही. तर धोरणाच्या मसुद्यात अकरावा मुद्दा होता: फुलोऱ्यात फवारणी करायची असेल तर शेजारच्या मधपाळाला इतके-इतके तास आधी सूचना द्यावी. तासांची जागा कोरी होती. ती जागा भरायला आम्हाला बोलावलं होतं. ती नीट भरली तर ह्या फुलोऱ्यात मी पेट्या बाहेर ठेवू शकत होते. नाही भरली तर अडतीसही विकून टाकायच्या आणि घरी बसायचं, हे माझं ठरलं होतं. फुलोरा तीन आठवड्यांवर आला होता.

कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. आठ गोल टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, प्रत्येकाच्या मधोमध एक नंबर. भिंतीवर पडदा, पडद्यावर हिरवंगार शेत आणि त्यात हसणारं एक कुटुंब. इतकं स्वच्छ शेत मी जन्मात बघितलं नाही. एक तरुण पोरगा माईक घेऊन टेबलांमधून फिरत होता. त्याच्या हातात हिरव्या आणि लाल टिकल्यांची पाकिटं. “सहमती असेल तर हिरवी, नसेल तर लाल,” तो सांगत होता. “ज्या मुद्द्यावर एकही लाल टिकली पडेल, तो मुद्दा आपण मसुद्यातून काढून टाकणार. कारण हे धोरण सगळ्यांचं आहे!”

म्हणजे एकाने नाही म्हटलं की संपलं. मी मनात म्हटलं, वा रे तुझी सहमती.

माझं टेबल तीन नंबरचं. मी खुर्ची ओढली आणि समोर बघते तर माझा धाकटा.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. बागवाला. त्याची फळबाग आणि माझ्या पेट्यांची जागा ह्यांच्यामध्ये एक बांध आहे. बाबा गेले तेव्हा बाग त्याला आली आणि पेट्या मला. त्या एकशे दोन पेट्या मारल्या त्या ह्याने.

“हे कुणी बसवलं?” मी टिकल्यावाल्या पोराला विचारलं.

“वेगवेगळे हितसंबंध एका टेबलावर आणायचेत ना, ताई,” तो कौतुकाने म्हणाला.

“मला ताई म्हणू नकोस,” मी म्हटलं. “ज्याला म्हणायचं तो समोर बसलाय आणि म्हणत नाही.”

धाकट्याने मान वर केली नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. दोन वर्षांत केस पांढरे झाले होते त्याचे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

टेबलावर आणखी दोघं होते. एक त्याच सहीवाल्या अधिकारी बाई, नोंदी लिहायला. दुसरा औषधवाला, म्हणजे फवारणीची औषधं विकणारा दुकानदार. पोट सावरत बसलेला, बोटांत तीन अंगठ्या, आणि बिस्किटांची बशी त्याने स्वतःकडे ओढून घेतलेली. धाकटा वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच औषध घेतो.

“मुद्दा अकरा,” बाई म्हणाल्या. “तास किती लिहायचे? बागायतदारांचं म्हणणं आधी घेऊ.”

“सहा तास,” धाकटा म्हणाला. “पुष्कळ झाले. मी सहा तासच दिले होते. ह्या बाईंना विचारा, सही आहे त्यांची.”

ह्या बाई! ज्या बाईने ह्याला कडेवर घेऊन बागेची राखण केली, ती झाली ‘ह्या बाई’. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“होय, माझी सही आहे,” मी म्हटलं. “सकाळी दहा वाजता ह्यांच्या गड्याने चिठ्ठी आणली. दुपारी चारला फवारणार. चिठ्ठी पोचल्याची मी सही केली. सहीला काय लागतं? पण सकाळी दहाला माझ्या माश्या कुठे असतात, ते कुणी विचारलं का?”

“कुठे असतात?” बाईंनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मधमाश्यांचं धोरण लिहायला बसलेली बाई, आणि माश्या दिवसा कुठे असतात ठाऊक नाही. कपाळ माझं.

मी समजावून सांगितलं. उजाडलं की माश्या बाहेर पडतात. दिवसभर फुलांवर असतात, कोसभर लांबसुद्धा जातात. उन्हं कलली की परततात. पेटी बंद करायची तर सगळ्या घरी आल्यावर, दिवेलागणीला. मग वर ओलं गोणपाट टाकून दुसरा दिवस सावलीत काढता येतो, नाहीतर पेट्या गाडीत घालून दुसरीकडे नेता येतात. म्हणून सूचना हवी ती आदल्या संध्याकाळी. दिवस उजाडल्यावर सहा तास द्या नाहीतर आठ द्या, सारखंच.

“पण सहा तासांत पेटीचं दार लावायला कितीसा वेळ लागतो?” औषधवाला म्हणाला. “मी तर ऐकलंय दहा सेकंद लागतात.”

“दहाच सेकंद लागतात. दार लावा आणि ज्यांच्यासाठी लावायचं त्या बाहेर!”

“म्हणजे ह्यांना सोयीचं तेव्हाच जगाने फवारायचं,” तो बाईंकडे वळून हसला. “औषध काय कॅलेंडर बघून मारतात होय? कीड आली की मारायचं. आदल्या दिवशी ह्यांची परवानगी घेत बसलो तर झाड उभं राहील का? त्यापेक्षा मुद्दाच काढून टाका. लावतो लाल टिकली.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “सहा तासांवर बागायतदार तयार आहेत, विक्रेते तयार होतील. मधपाळांनी थोडं समजून घेतलं तर सहमती होते. अगदीच काही नसण्यापेक्षा सहा तास बरे नाहीत का?”

आणि त्यांनी हिरवी टिकली माझ्यापुढे सरकवली. मी त्या टिकलीकडे बघत बसले. लावली तर जन्मभर सकाळी दहाला चिठ्ठ्या येणार, त्यावर मी सह्या करणार आणि दुपारी फावडं घेऊन जाणार, तेही धोरणाप्रमाणे. नाही लावली तर मुद्दाच गेला.

त्या टेबलावर मी खरं बोलते हे कळणारा एकच माणूस होता. तो बाटलीचं झाकण फिरवत होता.

“ए,” मी त्याला म्हटलं. “तू सांग. दुपारी बारा वाजता पेटीचं दार लावलं तर काय होतं? एवढंच सांग.”

त्याने झाकण घट्ट पिळलं.

“बाबांनी तुला आधी शिकवलं, मला नंतर. तू सात वर्षांचा होतास. माश्या शांत करायचा धुराचा डबा तुझ्या हातात असायचा. सांग ना!”

“मला आठवत नाही,” तो म्हणाला.

खोटारडा! त्याला सगळं आठवत होतं. पण ‘दुपारी पेटी बंद करता येत नाही’ असं तो बोलला असता, तर त्या दिवशीची चिठ्ठी निरुपयोगी आहे हे माहीत असून त्याने पाठवली असं झालं असतं. माझी तक्रार तीच होती. आणि तक्रारीला त्याने लेखी उत्तर दिलं होतं, ते मला तोंडपाठ आहे: सूचना वेळेत दिली, शिवाय पेट्यांना आधीपासून रोग होता, माश्या रोगाने मेल्या. तक्रार सिद्ध झाली तर त्याचा फळं बाहेर पाठवायचा परवाना तीन वर्षं बंद. मग तो कशाला तोंड उघडतोय?

“जाऊ द्या हो,” औषधवाला बिस्कीट चहात बुडवत म्हणाला. “मुळात ह्यांच्या पेट्या रोगटच. आजच्या नाहीत, ह्यांच्या वडिलांपासून. म्हाताऱ्याला शेवटी शेवटी दिसायचं कुठे? पोळ्यात अळ्या कुजलेल्या, वास मारतोय, आणि हा आपला विकतोय मध. सगळ्यांना ठाऊक होतं. लोक तोंडावर बोलत नव्हते इतकंच.”

बाटलीचं झाकण फिरायचं थांबलं.

“काय म्हणालास?” धाकट्याने विचारलं.

“अरे, तुझीच बाजू घेतोय मी.”

“माझ्या बापाच्या पेटीला वास मारत होता?”

“आता तूच लिहून दिलंयस ना, की रोग—”

“मी लिहिलं ते मी लिहिलं! तू कोण बोलणारा?” धाकटा उभा राहिला. खुर्ची मागे पडली. आसपासच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. “माझ्या बापाच्या पेटीला उभ्या आयुष्यात रोग नव्हता. दिसत नव्हतं तरी नुसत्या वासावरून सांगायचा कुठल्या पेटीत राणी म्हातारी झाली ते. आणि हिच्या पेट्यांनाही रोग नव्हता. फवारणीच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः बांधावरच्या तीन उघडून बघितल्या होत्या. स्वच्छ होत्या. आणि हो, दुपारी दार लावता येत नाही. लावलं तर बाहेरच्या बाहेर मरतात आणि आतल्या घुसमटून मरतात. सात वर्षांच्या पोराला कळतं हे. तू अंगठ्या घालून बसलास, तुला नाही कळणार!”

आमच्या घरात सगळ्यांना असाच राग येतो. एकदा आला की माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडतो आणि वरून विचारतो, धोंडा कुणी पाडला. बाबा तसे, मी तशी, हाही तसाच. इतकी वर्षं मला वाटायचं हा बदललाय.

धाकटा उभाच होता. आपण काय बोलून बसलो हे त्याला हळूहळू कळत गेलं, आणि ते मला त्याच्या कानांवरून दिसलं. लहानपणापासून त्याचे कानच आधी लाल होतात.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. “तक्रारीच्या उत्तरात तुम्ही वेगळं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “ती फाईल माझ्याकडेच आहे. आजची बैठक धोरणाची आहे, तुमच्या भांडणाची नाही. तेव्हा हे मी ऐकलंच नाही असंही करता येईल.” मग माझ्याकडे वळल्या. “तक्रारदार तुम्ही. तुम्ही सांगा. लिहू?”

“तिला काय विचारता?” धाकटा म्हणाला. त्याने खुर्ची उचलून सरळ केली आणि बसला. “ती लिहाच म्हणणार. मी ओळखतो तिला.”

असा संताप आला मला! केवळ ह्याला खोटं पाडायला ‘नका लिहू’ म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं. पण एकशे दोन पेट्या. दोन वर्षं ह्या एका वाक्यासाठी मी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

“लिहा,” मी म्हटलं.

“बघितलंत?” तो म्हणाला. “मग पुढचंही लिहा. आदल्या संध्याकाळी मी ह्यांना तीन फोन केले होते. सहा वाजता एक, सव्वासहाला एक, साडेसहाला एक. उचलले नाहीत. म्हणून सकाळी चिठ्ठी पाठवली. सकाळी थांबलो असतो तर कीड सगळ्या बागेत गेली असती. चिठ्ठीचा उपयोग नाही हे मला माहीत होतं. तरी पाठवली. सगळं लिहा.”

हे तुम्हाला मी आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. का सांगू? तुम्ही तरी सांगितलं असतं का?

फोन आले होते. तीनही. फवारणीच्या महिनाभर आधी धाकट्याने बांधावर कुंपण घातलं होतं, मला न विचारता. माझ्याच पेट्यांकडे जायला मला वळसा पडायला लागला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हते. त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी होते. फोन वाजला, नाव दिसलं, मी म्हटलं वाजू दे मेल्याचा. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उपडा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यावर टॉवेल टाकला. बाहेर माश्या परतत होत्या. अर्ध्या तासात एकशे चाळीस दारं लावून झाली असती. शेजारणीला आणि तिच्या सुनेला हाक मारली असती तर त्याहून लवकर.

दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तक्रारीत लिहिलं नाही. आणि त्यानेही उत्तरात लिहिलं नव्हतं. का ते मला तेव्हाही कळलं नाही. बहुतेक त्याला माझ्यासमोर सांगायचं होतं. तेवढा द्वाड आहे तो.

“खरं आहे?” बाईंनी विचारलं.

तो फोन केव्हाच मोडीत गेला होता. नाही म्हटलं असतं तर कोण काय करणार होतं? औषधवाला बिस्कीट हातात धरून माझ्याकडे बघत होता. धाकटा माझ्याकडे बघत नव्हता.

“खरं आहे,” मी म्हटलं. “वाजत होता. मी मुद्दाम उचलला नाही. लिहा.”

बाईंनी दोन्ही लिहिलं. खाली मान घालून, बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, “हे दोन्ही जबाब वर जातील. तुमचा परवाना अडकेल, आणि तुमची तक्रार अर्धी तरी पडेल. दोघांनाही निस्तरावं लागणार आहे.”

तेवढ्यात टिकल्यावाला पोरगा माईक घेऊन आला. “टेबल तीन, शेवटची दोन मिनिटं! किती तास ठरले?”

“तास नकोत,” धाकटा म्हणाला. “आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या दोन तास आधी.”

“कशी सूचना? फोनवर चालेल?” बाईंनी विचारलं.

आम्ही दोघं एकदम टेबलाकडे बघायला लागलो.

“फोनवर नको,” मी म्हटलं. “घरी येऊन. समोर उभं राहून.”

“ह्यांच्या दारात मी जायचं?” तो बाईंना म्हणाला.

“नाही आलास तर फवारायचं नाही.”

“आत येणार नाही.”

“बोलावतंय कोण?”

“पाणीसुद्धा नको मला.”

“विचारलंच नाही अजून!”

बाईंनी ‘प्रत्यक्ष घरी जाऊन’ असं लिहिलं. औषधवाल्याने लाल टिकली उचलली तेव्हा धाकट्याने फक्त त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने ती परत पाकिटात ठेवली. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण तोडतो? मग तीन हिरव्या टिकल्या लागल्या. पोराने माईकवर जाहीर केलं की टेबल तीनने संवादाचा आदर्श घालून दिलाय, आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. धाकटा टाळ्या संपायच्या आत जिना उतरून गेला. मी तिथेच बसले आणि मला रडू आलं, त्या औषधवाल्यासमोर. त्याने मला बिस्कीट दिलं. तो अपमान मी अजून विसरलेली नाही.

ते धोरण अजून मंजूर झालेलं नाही. वरच्या कुठल्यातरी टेबलावर आहे म्हणतात. मुद्दा अकरा त्यात राहील की कुणी खोडेल, देव जाणे. धाकट्याचा परवाना मात्र लगेच थांबला; तेवढं काम कार्यालय वेळेत करतं. माझ्या तक्रारीच्या उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते कळवतील. एकशे दोन पेट्या मी दोन वर्षं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर घातल्या होत्या. आता त्यातल्या माझ्यामुळे किती मेल्या, ह्याचा विचार आला की मी उठून कामाला लागते.

फुलोरा आला. मी अडतीस पेट्या बांधावर मांडल्या. एका दुपारी साडेचारला फाटक वाजलं. बघते तर धाकटा. त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती, नियमच अजून झालेला नव्हता. चपला न काढता पायरीच्या खाली उभा राहिला.

“उद्या फवारणी आहे. सकाळी आठला.”

“ऐकलं,” मी म्हटलं.

तो फाटकापर्यंत गेला आणि पाठमोराच थांबला.

“चौथ्यांदा फोन करायला हवा होता मी,” तो म्हणाला.

मला काय काय बोलायचं होतं. पण आधी रागच आला. “जा आता,” मी ओरडले. “मला माश्या आत यायच्या आधी गोणपाटं भिजवायचीयत!”

तो गेला. दिवेलागणीला मी दारं लावली, अडतीसच्या अडतीस.